‘ट्रॅव्हल’ : अर्थ आणि उपयोग

शाळेंत इंग्रजीचा अभ्यास सुरू होतो त्या वेळीं मुलांच्या वहींत शब्दांच्या दोन रांगा उभ्या राहतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. ह्या रांगांत केव्हां ना केव्हां ‘ट्रॅव्हल’ हें क्रियापद येतें आणि त्याच्या समोर ‘प्रवास करणें’ असा अर्थ लिहिला जातो. जोडी पाठ होते, परीक्षेंत तिला गुण मिळतात, आणि त्या शब्दाचा हिशेब तेथेंच पुरा झाला अशी मुलाची, त्याच्या शिक्षकांची आणि घरच्या मंडळींचीहि समजूत होते. पुढें बारा-पंधरा वर्षांनीं तोच मुलगा कचेरींतील परदेशी पाहुण्याला आणण्यासाठीं विमानतळावर जातो, हस्तांदोलन करतो आणि मोठ्या आदबीनें विचारतो, ‘हाउ वॉज युवर ट्रॅव्हल?’ पाहुणा सभ्य असतो. तो प्रश्न समजून घेतो आणि हंसून उत्तर देतो. परंतु त्याच्या उत्तरांत ‘ट्रॅव्हल’ हा शब्द येत नाहीं. तो म्हणतो, ‘द जर्नी वॉज फाइन, थँक यू.’ विचारणाऱ्याचा कान तयार असेल तर आपल्या वाक्यांत कांहीं तरी चुकलें हें त्याला कळतें. पण काय चुकलें तें मात्र वहींतल्या त्या दोन रांगा सांगूं शकत नाहींत.

चूक लहान आहे, आणि तिनें अर्थबोधाला बाध येत नाहीं. तरी ती ज्या मुळापासून उगवते तें मूळ लहान नाहीं. शब्द शिकणें म्हणजे त्याचा प्रतिशब्द पाठ करणें, ही समजूत तें मूळ होय. वस्तुतः शब्दाची गोष्ट एखाद्या गृहस्थासारखी आहे. नांव समजलें म्हणजे ओळख झाली असें होत नाहीं. त्याचे सोबती कोण, तो कोठें जातो, कोणाच्या उंबरठ्यावर पाऊल टाकीत नाहीं, आणि त्याचें पूर्वीचें घराणें कोणतें, एवढें समजल्यावर मग ओळख म्हणतां येते. ‘ट्रॅव्हल’ ह्या एका नित्याच्या क्रियापदाची अशी ओळख करून घेतली, तर इतर शब्दांची कशी करून घ्यावी हेंहि आपोआप ध्यानांत येईल.

प्रथम त्याचे सोबती. ‘ट्रॅव्हल’ हें बहुधा अकर्मक क्रियापद आहे. जाण्याचें ठिकाण त्याला थेट चिकटत नाहीं, मध्यें ‘टु’ लागतो. म्हणून ‘ट्रॅव्हल पुणे’ असें होत नाहीं, ‘ट्रॅव्हल टु पुणे’ असें म्हणावें लागतें. परंतु घरीं जावयाचें असल्यास ‘ट्रॅव्हल होम’, आणि परदेशीं जावयाचें असल्यास ‘ट्रॅव्हल अब्रॉड’. येथें ‘टु’ नाहीं. विद्यार्थी हा नियम वारंवार विसरतात. पण मराठी माणसाजवळ त्याची खूण आयती आहे. ‘पुण्याला’ ह्या रूपांत ‘ला’ आहे; ‘घरीं’ आणि ‘परदेशीं’ ह्या रूपांत तो नाहीं. मराठीची ही वाट सर्वत्र इंग्रजीशीं जुळेल असें नव्हे, पण ह्या ठिकाणीं ती जुळते.

वाहनाचेंहि असेंच आहे. ‘रेल्वेनें’, ‘बसनें’, ‘समुद्रमार्गानें’ ह्यांना ‘बाय ट्रेन’, ‘बाय बस’, ‘बाय सी’. ‘बाय’ नंतर वाहनाचें नांव उघडें येतें, त्याच्या मागें ‘अ’ किंवा ‘द’ नको. मात्र पायीं प्रवास केला तर ‘ऑन फुट’. स्वतःच्या मोटारीनें गेलेले लोक आपल्याकडे पुष्कळदां ‘बाय माय कार’ म्हणतात. ‘नें’ पाहिला कीं ‘बाय’ घालावा, ही त्या वहीची शिकवण होय. इंग्रजी कानाला तेथें ‘इन माय कार’ असें हवें असतें. वाहन एकदां विशिष्ट झालें म्हणजे बहुधा ‘इन’ किंवा ‘ऑन’ येतात.

ठिकाण जरी ह्या क्रियापदाला थेट चिकटत नसलें तरी अंतर चिकटतें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून सुमारें चारशें पाहुण्यांना घेऊन पहिली आगगाडी ठाण्यास गेली, तेव्हां ती ‘ट्रॅव्हल्ड ट्वेंटी-वन माइल्स’ असें इंग्रजींत म्हणतां येतें. एकवीस मैल म्हणजे आजचे सुमारें ३४ किलोमीटर. त्याचप्रमाणें सगळें जग पालथें घालणारा मनुष्य ‘ट्रॅव्हल्स द वर्ल्ड’. तेथेंहि मध्यें कांहीं नको. गाडीहि ट्रॅव्हल करते आणि तींत बसलेला मनुष्यहि करतो, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे. मराठींत गाडी जाते, धांवते, अंतर कापते. प्रवास करतो तो उतारू.

लेखनाविषयीं एक शब्द. मूळ क्रियापदाच्या शेवटीं ‘एल्’ हें अक्षर एकदांच येतें. पण ‘ट्रॅव्हल्ड’, ‘ट्रॅव्हलिंग’, ‘ट्रॅव्हलर’ हीं रूपें लिहितांना इंग्लंडांत तें दोनदां लिहितात, अमेरिकेंत एकदांच. अमेरिकन वळणाचा मोठा पुरस्कर्ता कोशकार नोआ वेब्स्टर होय. त्याचा कोश १८२८ मध्यें निघाला. आपल्याकडील शाळा इंग्लंडचें वळण पाळतात. दोन्ही वळणें शुद्ध आहेत. एकाच पत्रांत दोन्ही वापरणें तेवढें बरें नव्हे.

आतां विमानतळावरच्या त्या प्रश्नाकडे वळतां येईल. ‘ट्रॅव्हल’ हें नामहि आहे; पण तें दुधासारखें किंवा पाण्यासारखें आहे, मोजतां न येणारें. प्रवास ही सामान्य गोष्ट त्यानें सांगतां येते; अमुक एक प्रवास सांगतां येत नाहीं. ‘ट्रॅव्हल ब्रॉडन्स द माइंड’, म्हणजे देशाटनानें मन विशाल होतें, हें ठीक. परंतु ‘माय ट्रॅव्हल वॉज गुड’ हें ठीक नव्हे, आणि ‘अ ट्रॅव्हल’ तर नव्हेच. मोठ्या भ्रमंतीविषयीं बोलतांना मात्र ह्याच नामाचें अनेकवचन चालतें. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ मधील प्रसिद्ध पुस्तकाच्या नांवांत गलिव्हरचे ‘ट्रॅव्हल्स’ आहेत, एक ‘ट्रॅव्हल’ नव्हे. विष्णुभट गोडसे वरसईकर १८५७ मध्यें घरून उत्तर हिंदुस्थानांत गेले, झांशीच्या वेढ्यांत सांपडले, लुटले गेले आणि अखेर घरीं परतले. त्यांची ती हकीकत चिंतामण विनायक वैद्य ह्यांनीं १९०७ मध्यें ‘माझा प्रवास’ ह्या नांवानें प्रसिद्ध केली. त्या नांवाचें इंग्रजी करणाऱ्यास एकवचनाचें अनेकवचन करून ‘माय ट्रॅव्हल्स’ असेंच म्हणावें लागेल. मराठी एकवचनाला इंग्रजी एकवचन, हा हिशेब येथें चुकतो.

अमुक एका प्रवासासाठीं इंग्रजींत दुसरे शब्द आहेत, आणि त्यांचीं मुळें पाहिलीं म्हणजे त्यांचे भेद पाठ करावे लागत नाहींत. ‘जर्नी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. मुळांत त्याचा अर्थ एका दिवसाचें काम किंवा एका दिवसाची वाटचाल. मराठींतील ‘मजल’ हा शब्द अरबी ‘मंजिल’ ह्यापासून आला आहे आणि तोहि मुक्कामापर्यंतची एका दिवसाची चाल दाखवितो. तेव्हां जर्नी म्हणजे इंग्रजांची मजल. आज ती कितीहि लांबीची असूं शकते, पण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंतचें जाणें हा भाव तींत कायम आहे. ‘व्हॉयेज’ ह्याचें मूळ लॅटिन ‘व्हिआटिकम’. त्याचा अर्थ प्रवासांत बरोबर घ्यावयाची शिदोरी. फ्रेंचांनीं तो शब्द कोणत्याहि प्रवासाला लाविला, इंग्रजांनीं तो मुख्यतः समुद्रावरील लांबच्या सफरीसाठीं राखून ठेविला. ‘टूर’ म्हणजे वळसा, फेरी. आपला ‘दौरा’ अरबींतून आला आणि त्याच्याहि पोटीं वर्तुळच आहे. म्हणून मंत्र्यांच्या दौऱ्याला ‘टूर’ म्हणतात तें केवळ सोयीचें भाषांतर नव्हे. दोन्ही शब्द एकाच कल्पनेचे आहेत. राहिला ‘ट्रिप’. क्रियापद म्हणून त्याचा जुना अर्थ हलक्या पावलांनीं चालणें असा आहे आणि ठेंच लागणें असाहि आहे. नाम म्हणून तो जाऊन परत येण्याचा लहानसा प्रवास दाखवितो. सहलीला तो शोभतो, काशीयात्रेला शोभत नाहीं.

पाहुण्याला विचारावयाचें तें ह्या चौघांपैकीं पहिल्याविषयीं. ‘डिड यू हॅव अ गुड जर्नी?’ एवढें म्हटलें कीं पुरे.

ह्याच्या उलट, जेथें साधें ‘गो’ हवें तेथें ‘ट्रॅव्हल’ घालूं नये. भाजी आणावयास मंडईंत गेलेला मनुष्य ‘वेंट टु द मार्केट’. तो ‘ट्रॅव्हल्ड टु द मार्केट’ असें म्हटलें तर ऐकणाऱ्यास वाटेल कीं, मंडई दोन डोंगरांपलीकडे असावी. रोज ठाणें-डोंबिवलीहून मुंबईस कामाला जाणें आणि परत येणें ह्याला निराळें क्रियापद आहे, ‘कम्यूट’. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील रेल्वे-कंपन्या नेहमींच्या उतारूंना रोजच्या भाड्याऐवजीं सवलतीचें एकत्र तिकीट देत. त्या ‘कम्यूटेशन’ तिकिटावरून हें क्रियापद निघालें. म्हणजे तो शब्द मुळांत पासधारकांचा आहे. आपल्याकडे ह्याच अर्थीं ‘अप-डाउन करणें’ म्हणतात. ते शब्द इंग्रजी आहेत, पण ती म्हणण्याची रीत इकडची. परदेशीं ती कोणास समजणार नाहीं.

मनुष्य आणि गाडी सोडून आणखी कोण ‘ट्रॅव्हल’ करतें हें पाहिलें म्हणजे शब्दाची दुसरी बाजू दिसते. प्रकाश करतो, ध्वनि करतो, बातमी करते, नजरहि करते. निर्वात पोकळींत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारें ३ लाख किलोमीटर. साधारण २० अंश सेल्सिअस उष्णतामानाच्या हवेंत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारें ३४३ मीटर. म्हणून वीज आधीं दिसते आणि गडगडाट मागून ऐकूं येतो. हें इंग्रजींत सांगतांना दोघांनाहि ‘ट्रॅव्हल्स’ हेंच क्रियापद लागतें. मराठीची जुनी रीत पाहिली तर प्रकाश जातो, आवाज पोंचतो, बातमी पसरते आणि नजर फिरते. प्रत्येकाला आपापलें क्रियापद आहे. अलीकडच्या शाळेच्या पुस्तकांत ‘प्रकाश सरळ रेषेंत प्रवास करतो’ असें वाक्य आढळतें. तें वाचतांना प्रकाशानें तिकीट कोठें काढलें, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाला पडला तर त्याला हंसूं नये. ती इंग्रजी क्रियापदाची सावली आहे, आणि मराठी कान अजून जागा असल्याची ती खूण आहे.

आणखी दोन उपयोग घरांत उपयोगी पडणारे आहेत. नाजूक फळ वाटेंत खराब होत असेल तर तें ‘डझ नॉट ट्रॅव्हल वेल’. म्हणजे त्याला प्रवास सोसत नाहीं. आणि ‘ट्रॅव्हल लाइट’ ह्या सल्ल्याचा दिव्याशीं कांहीं संबंध नाहीं. सामान थोडें घेऊन निघावें, एवढाच त्याचा अर्थ.

आतां ह्या शब्दाचें घराणें. बहुतेक कोशकारांच्या मतें त्याचा मूळपुरुष उत्तरकालीन लॅटिनमधील ‘ट्रेपालियम’ हा शब्द होय. तीन खुंटांची ती चौकट मनुष्याला जखडून छळण्याचें साधन होती. त्यापासून छळणें, मग कष्ट सोसणें, मग कष्ट करणें असा अर्थ सरकत गेला. फ्रेंच भाषेंत ‘त्राव्हाय’ म्हणजे आजहि काम. पोर्तुगीजमधील ‘त्राबाल्यु’ हा त्याच अर्थाचा शब्द गोमंतकांतील जुन्या पिढीच्या कानांवरून गेलेला आहे. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा जो ओघ तिकडे सुरू झाला, त्यांत हा शब्दहि गेला. तेथें मात्र त्यानें एक वळण घेतलें. कष्ट करणें आणि वाट चालणें हे दोन अर्थ तो एकाच वेळीं वाहूं लागला. त्या काळच्या रस्त्यांवरचा चिखल, चोर, पूल नसलेल्या नद्या आणि दूरदूरच्या तीर्थयात्रा ध्यानांत घेतल्या म्हणजे ह्यांत नवल वाटत नाहीं. पुढें दोन अर्थांचीं दोन रूपें झालीं. ‘ट्रॅव्हल’ प्रवासाकडे गेला. ‘ट्रॅव्हेल’ हें जुनें रूप कष्टांकडे, विशेषतः प्रसूतीच्या वेणांकडे राहिलें. सख्खे भाऊ वेगळे झाले आणि एकमेकांना विसरले.

समोरच्या रांगेंतील मराठी शब्दालाहि असेंच घराणें आहे. ‘प्रवास’ हा ‘वस्’ म्हणजे राहणें ह्या संस्कृत धातूपासून झाला. त्यांत जाण्याचा अर्थ मुळांत नाहींच. प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणें. ज्या स्त्रीचा पति परगांवीं आहे तिला संस्कृत साहित्यांत ‘प्रोषितभर्तृका’ म्हणतात. तो ‘प्रोषित’ ह्याच धातूचा. हिंदी आणि बंगाली ह्या भाषांनीं हा अर्थ अजून जपला आहे. २००३ पासून ९ जानेवारीस साजरा होऊं लागलेल्या ‘प्रवासी भारतीय दिवसा’चा गाडींतील उतारूंशीं कांहीं संबंध नाहीं, परदेशीं राहणाऱ्या भारतीयांचा तो दिवस आहे. अर्थात् वहींत समोरासमोर बसविलेले ते दोन शब्द जन्मतः एका अर्थाचे नव्हते. एकाच्या पोटीं वाटेचे कष्ट होते, दुसऱ्याच्या पोटीं घराचा विरह.

हे दोन्ही अर्थ एकाच जिवानें एकाच वेळीं अनुभवल्याचें एक उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी विवाहानंतर पति गोपाळराव ह्यांच्या आग्रहानें इंग्रजी शिकल्या. वैद्यक शिकण्यासाठीं आपण अमेरिकेस कां जात आहों, हें १८८३ मध्यें बंगालमधील श्रीरामपूर येथील जाहीर सभेंत त्यांनीं इंग्रजींतून सांगितलें. त्याच वर्षीं ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोंचल्या. वय अठरा; पति बरोबर नाहीं; वाटेचे जवळजवळ दोन महिने समुद्रावर. १८८६ मध्यें त्यांनीं वैद्यकाची पदवी मिळविली, त्याच वर्षाच्या अखेरीस त्या परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें; बाविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. त्यांच्या त्या जाण्याला ‘ट्रॅव्हल’ म्हटलें तर त्या शब्दाचें मूळ खरें ठरतें. ‘प्रवास’ म्हटलें तर त्याचेंहि खरें ठरतें. आणि जी इंग्रजी त्यांना सभेंत उपयोगी पडली ती दोन रांगांच्या वहीनें आलेली नव्हती. ती रोज वाचून, लिहून आणि बोलून अंगीं मुरलेली होती.

पुढें मराठीनें ‘ट्रॅव्हल’ हा शब्द आपल्या घरांतहि घेतला आणि आपल्या रीतीनें वागविला. आज रात्रीच्या खासगी बसला महाराष्ट्रभर ‘ट्रॅव्हल्स’ म्हणतात. ‘तो ट्रॅव्हल्सनें नागपूरला गेला’ हें शुद्ध मराठी बोलणें झालें आहे, जरी इंग्रज माणसाला त्यांतून कांहींच उमगणार नाहीं. लोकलच्या गर्दींतून उभ्यानें घरीं आलेली गृहिणी पिशवी खालीं ठेवीत म्हणते, ‘ट्रॅव्हलिंगमध्येंच सगळा जीव जातो.’ इंग्रजीच्या नियमानें तिनें येथें ‘कम्यूट’ म्हणावयास हवें होतें. परंतु कोशकारांनीं सांगितलेला त्या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ, तीन खुंटांच्या चौकटींतला, तिच्या तोंडीं नकळत परत आला आहे. तिला कोणी सुधारूं नये. फक्त तिच्या मुलीनें इंग्रजींत पत्र लिहितांना कोणता शब्द कोठें चालतो एवढें जाणावें.

त्यासाठीं मोठी ग्रंथसामग्री लागत नाहीं. वहींतील उजवीकडची रांग थोडी रुंद करावी. ‘ट्रॅव्हल’ ह्याच्या समोर केवळ ‘प्रवास करणें’ असें न लिहितां, त्याखालीं ‘टु पुणे’, ‘होम’, ‘बाय ट्रेन’, ‘ऑन फुट’ हे सोबती लिहावे. ‘अ ट्रॅव्हल’ ह्यावर काट मारून ‘अ जर्नी’ लिहावें. आणि उरलेल्या कोपऱ्यांत त्या शब्दाचें मूळ दोन ओळींत टिपून ठेवावें. एका शब्दाला अर्धें पान लागेल. दिवसाला दहा शब्द पाठ होण्याऐवजीं दोनच होतील. पण ते दोन शब्द बारा वर्षांनीं, विमानतळावर उभें असतांना, वेळेवर आणि बिनचूक हाताशीं येतील.